कृष्णेच्या पुरातील उडी



सांगलीत बेचाळीसच्या चळवळीचा विषय निघाला, की जुनी माणसे २४ जुलै १९४३ या तारखेशी येऊन थांबतात. त्या दिवशी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. कृष्णेला पूर होता. पुढे हा प्रसंग ‘वसंतदादांची उडी’ म्हणून आठवणीत राहिला, आणि आठवणीचा स्वभावच असा, की तिला एक नाव व एक क्षण पुरतो. इतिहासाचे तेवढ्यावर भागत नाही. कोणत्या पाण्यात उडी, कोणाबरोबर उडी आणि पैलतीरावर कोण, हे तीन प्रश्न त्याने विचारलेच पाहिजेत. आज आम्ही आपल्यापुढे हेच तीन प्रश्न मांडणार आहोत.

प्रथम पाण्याचा विचार करू. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते, वाईवरून, संगम माहुलीवरून खाली येते, कऱ्हाडला कोयनेला भेटते. सांगलीच्या वरच्या अंगाला ब्रह्मनाळपाशी येरळा मिळते, आणि सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा. सांगलीचा स्वतःचा पाऊस बेताचाच. पण घाटमाथ्यावर धो धो पाऊस झाला, की इकडे आभाळ मोकळे असतानाही घाटाच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जातात. त्यातच वारणाही फुगलेली असेल, तर कृष्णेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही. ते तुंबते आणि पसरते. म्हणून सांगलीचा पूर हा केवळ वेगाचा पूर नव्हे. मधोमध धार ओढ घेत असते, काठाला पाणी उलटे फिरत असते, आणि दोन्हींच्या शिवेवर भोवरे पडतात.

हे पाणी तांबडे, गढूळ असते. त्यात हात बुडवला तर बोटे दिसत नाहीत. वरून सपाट दिसणाऱ्या पाण्याखाली बाभळीचे काटेरी झाड आहे, कुंपणाची तार आहे, की बुडालेला बांध आहे, हे डोळ्यांना कळत नाही. याकरिता कृष्णाकाठच्या जाणत्यांचा दंडक असे, की गढूळ पाण्यात डोके खाली करून सूर मारायचा नाही. पाय खाली सोडून उडी घ्यायची. दुसरा दंडक असा, की धारेशी भांडायचे नाही. समजा, पात्र २०० मीटर रुंद आहे आणि पोहणारा सेकंदाला एक मीटर पाणी कापतो. त्याला पलीकडे जायला २०० सेकंद लागतील. धार सेकंदाला दोन मीटर धावत असेल, तर तेवढ्या अवधीत ती त्याला ४०० मीटर खाली नेईल. जो समोरच्याच घाटावर लागण्याचा हट्ट धरतो, तो दमून बुडतो. जो ४०० मीटर खालचा काठ आधीच मनात धरतो, तो तरतो. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा चौपट होतो. हे सूत्र न शिकताही आमच्या नावाड्यांना ते अंगाने ठाऊक होते.

ही विद्या पोरांना शाळेत मिळत नव्हती. पाठीला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधून उन्हाळ्यात पोहायला शिकायचे, आणि पावसाळ्यात थोरांच्या सोबतीने फुगलेले पाणी ओळखायला शिकायचे, अशी ती रीत होती. नाव नसेल तेथे गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून माणसे नदी ओलांडत. सोबत ही या शिक्षणातली पहिली अट होती. पुरात कोणी एकट्याने उतरायचे नाही. आणि डोळ्यांना काही दिसत नसल्यामुळे एकमेकांना हाका घालीत जायचे. वसंतदादांचे गाव पद्माळे हे सांगलीजवळचे, कृष्णाकाठचेच.

आता १९४३ सालाकडे वळू. त्या वेळी आजचा सांगली जिल्हा नव्हता. भोवतालचा बराचसा मुलूख ब्रिटिश अमलातील सातारा जिल्ह्यात मोडत होता. त्यातूनच १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. खुद्द सांगली शहर मात्र पटवर्धनांच्या संस्थानात होते. साताऱ्याच्या खेड्यांत नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहत होते. वसंतदादा जून १९४३ मध्ये पकडले गेले आणि सांगलीच्या किल्ल्यातील तुरुंगात त्यांची रवानगी झाली.

या किल्ल्याचे नाव गणेशदुर्ग. भोवती तट, तटाबाहेर खंदक, आणि थोड्या अंतरावर नदी. कैद्यांनी २४ जुलैला भर दिवसा पहारेकऱ्यांच्या बंदुका ताब्यात घेतल्या, तटावरून उड्या घेतल्या आणि नदीची वाट धरली. मागे पोलीस, पुढे पूर, अशी ती कोंडी होती. गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोघे हुतात्मा झाले. वसंतदादांच्या खांद्यात गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले.

इथे श्रोत्यांपैकी कोणी विचारील, की मग या उडीने साधले काय? नायक पकडला गेला, दोन तरणेताठे जीव गेले. प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळता येत नाही. उत्तरासाठी आपण दुसऱ्या एका उडीकडे पाहू. ८ जुलै १९१० रोजी विनायकराव सावरकरांनी मार्सेल्सच्या बंदरात ‘मोरिया’ बोटीतून समुद्रात उडी घेतली. ते पोहून धक्क्यावर चढले, फ्रान्सच्या भूमीवर त्यांचे पाऊलही लागले. पण ती भूमी परकी होती. त्यांची भाषा तेथे कोणाला कळली नाही, आणि फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून पुन्हा इंग्रजांच्या स्वाधीन केले. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला. त्या उडीने जगाच्या न्यायासनापुढे हिंदुस्थानचा प्रश्न नेला, हे तिचे यश. पण सावरकर सुटले नाहीत.

दोन्ही प्रसंगांत आम्हांला एक गोष्ट दिसते. पाण्याने सावरकरांना अडवले नाही. अडवले ते काठाने. सांगलीत काठ आपला होता. नदीपलीकडच्या गावांत भाकरी मिळत होती, लपायला जागा मिळत होती, आणि निरोप पोचवणाऱ्या बायाबापड्या होत्या. म्हणूनच वसंतदादा पुन्हा गजांआड गेल्यावरही साताऱ्याचे प्रतिसरकार मोडले नाही. ते १९४६ पर्यंत टिकले. एका माणसाला पकडून जी चळवळ थांबत नाही, ती एका माणसाची नव्हतीच. २४ जुलैच्या घटनेचे मोल आम्ही या मापाने मोजतो. वसंतदादा पुढे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, त्यांचे नाव घरोघर गेले. पत्रावळे आणि जाधव यांना पुढचे आयुष्यच मिळाले नाही. म्हणून त्या दिवसाला एका व्यक्तीची उडी म्हणण्यापेक्षा सोबत्यांची उडी म्हणणे अधिक खरे होईल.

आता शेवटची गोष्ट, आणि ती आजची आहे. पुराच्या दिवसांत पुलावरून उड्या टाकणारी तरुण मुले आपण पाहतो. बघे टाळ्या वाजवतात, आणि त्या धाडसाला कोणी १९४३ चा वारसाही म्हणते. आम्हांला हे मान्य नाही. त्या कैद्यांना पूर टाळता येत नव्हता. टाळ्यांसाठी ते पाण्यात शिरले नव्हते. ज्याला वारसा घ्यायचा असेल त्याने नदीचे ज्ञान घ्यावे. ते मात्र आज आटत चालले आहे. घाटावर पोहायला शिकणारी पोरे कमी झाली, आणि पाणी मैले झाले म्हणून आईबाप त्यांना नदीवर पाठवीत नाहीत.

पूर मात्र कमी झालेले नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर चढले. तेथे धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. त्याच पुरात ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. नावेत प्रमाणाबाहेर माणसे होती. जीव वाचवायला निघालेली ती माणसे भित्री नव्हती. त्यांच्यापाशी पुरेशा नावा नव्हत्या आणि अंगात घालायची तरंगती जाकिटे नव्हती. म्हणजे जुन्या भोपळ्याची आणि पांगाऱ्याची जी जागा होती, ती नव्या काळात आपण भरलेली नाही.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. दर वर्षी २४ जुलैला आपण हुतात्म्यांना फुले वाहतो, ती वाहावीतच. पण त्याआधी, उन्हाळ्यात, कृष्णाकाठच्या प्रत्येक गावाने आपल्या मुलामुलींना जाणत्यांच्या देखरेखीखाली पोहायला शिकवावे. गावची नाव डागडुजी करून ठेवावी. नावेत किती माणसे बसवायची तो आकडा तिच्या अंगावर ठळक रंगवावा आणि तो पाळावा. पत्रावळे आणि जाधव ज्या काठावर गेले, त्या काठावर पुन्हा कोणी केवळ अजाणतेपणामुळे बुडू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.