सावजी, सेवाग्राम आणि शेगावची कचोरी

विदर्भ म्हटलं की आम्हा पुण्यातल्या आयटीवाल्यांना दोनच गोष्टी आठवतात: ऊन आणि संत्री. मागच्या वर्षी जोडून सुट्टी आली आणि माझ्या नागपूरकर रूममेटनं आम्हा तिघांना ओढूनच घरी नेलं. "खायला चला, बाकी काही बघू नका" एवढीच त्याची अट होती. आम्ही खाल्लं, पण खाता खाता इतिहासाचा एक तास फुकट पदरात पडला. तोच इथे उतरवतोय.

पुण्याहून भुसावळमार्गे जाणारी गाडी धरा. आधी शेगाव, मग वर्धा, शेवटी नागपूर. १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे धावायला लागला. आज आपण जे खातो त्यातलं निम्मं तरी याच रुळांच्या आधारानं उभं आहे.

शेगावला लोक उतरतात ते गजानन महाराजांच्या दर्शनाला. पण स्टेशनवरची कचोरी चुकवू नका. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका कुटुंबानं ही स्टेशनवर विकायला सुरुवात केली. आत मुगाच्या डाळीचं तिखट सारण आणि सोबत तळलेली मिरची. म्हणजे विदर्भाची ही 'पारंपरिक' कचोरी मुळात एका निर्वासिताची! परंपरा कशा तयार होतात याचा विचार करत दुसरी खाल्ली.

आता गंमत बघा. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले आणि १९३६ मध्ये जवळच्या सेगाव नावाच्या खेड्यात राहायला गेले. त्यांची पत्रं मात्र शेगावला जाऊन पडायची. हा घोळ मिटवायला १९४० मध्ये सेगावचं 'सेवाग्राम' झालं. आश्रमातलं जेवण म्हणजे उकडलेल्या भाज्या आणि कडुनिंबाच्या पानांची चटणी. आपल्यासारख्यांना एक दिवससुद्धा झेपणार नाही :) पण त्याच विचारातून १९४१ मध्ये जमनालाल बजाजांच्या पुढाकारानं गोसेवा संघ उभा राहिला, आणि आज वर्ध्यात गाईच्या तुपातला गोरसपाक मिळतो. तोंडात टाकला की विरघळतो. घरी न्यायला दोन डबे जास्तच घ्या.

'प्यायचं काय' या प्रश्नाचं वर्ध्यातलं उत्तर सोपं आहे: दूध. जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. आमच्यातल्या एका महाशयांचा चेहरा इथे जो उतरला तो थेट नागपुरात वर आला.

नागपूर. सकाळी तर्री पोहे, म्हणजे पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा. मग संत्र्याची बर्फी वगैरे. हे सगळं छानच आहे, पण खरी गोष्ट दुपारी सुरू होते, सावजीच्या ताटावर.

सावजी हे हलबा कोष्टी विणकरांचं जेवण. भोसल्यांच्या काळापासून नागपुरी धोतरं आणि लुगडी यांना मोठं नाव होतं, आणि ते या समाजाच्या हातमागांमुळे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, इथे एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस दारात, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि रेल्वे हाताशी. मुंबई सोडून नागपूर का, याचं उत्तर इतकं सरळ होतं. गिरणीनं विणकरांना सूत दिलं, नोकऱ्या दिल्या आणि हळूहळू त्यांच्या मागांशी स्पर्धाही केली. पुढे बायका नऊवारी सोडून पाचवारी नेसायला लागल्या, नऊवारीचं गिऱ्हाईक घटलं. १९८६ मध्ये मिल सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. त्या जागेवर आता मॉल आहे.

रूममेटचे आजोबा त्याच मिलमध्ये होते. घरातला माग आधीच विकला गेला होता. पगार थांबला तेव्हा आजीनं पुढच्या खोलीत चूल मांडली आणि चार गिऱ्हाइकांना जेवू घालायला सुरुवात केली. गोळीबार चौकाच्या आसपास, जुन्या नागपुरात फिरलात तर अशा घरातून निघालेल्या खानावळी दिसतील. घरातूनच सुरू झाल्यामुळे त्यांच्या उद्घाटनाचा फलक कुठेच नाही. मिलची तारीख मात्र दिवसासकट नोंदलेली आहे!

त्या खोलीत आम्ही जेवलो. खड्डामागाचा खड्डा बुजवलाय, पण तिथली फरशी आजही वेगळ्या रंगाची आहे. नेमकं त्यावरच आमचं टेबल होतं. मटणाचा रस्सा काळपट, वर तेलाचा तवंग. भाजलेले मसाले, दगडफूल, खसखस, आणि रस्सा दाट व्हायला ज्वारीचं पीठ. पूर्वी हे जवसाच्या तेलात व्हायचं. शाकाहारी असाल तर डाळकांदा किंवा पाटोडी मागा, तिखटात कसलीच सवलत नाही. दुसऱ्या घासाला माझ्या कपाळावरून घाम वाहायला लागला. आजी बघत होती.

"काऊन रे बाप्पा, पुण्यात तिखट नाई भेटत का?"

मी म्हटलं, आजी, इतकं तिखट का करता? तिनं सांगितलं, "रस्सा थोडा, भाकरी जास्त. तिखट असलं की थोड्यात भागते." खूप लेखांत मी 'सावजीच्या बत्तीस मसाल्यांचं रहस्य' वाचलंय. त्यापेक्षा हे उत्तर मला जास्त पटलं.

निघताना रूममेट म्हणाला, "माग चालवणारा आमच्या घरात आता कुणी नाही. मीसुद्धा कोड लिहितो." आजीचा मसालाही त्याला येत नाही. मी त्याला म्हटलं, पुढच्या सुट्टीत जाशील तेव्हा एक वही घेऊन जा. अजून गेलेला नाही, रिलीज चालू आहे म्हणे.

असो. तुम्ही गेलात तर दुपारी जा, पांढरा शर्ट घालू नका आणि सावजीत पहिल्यांदा "तर्री कमी" म्हणायला लाजू नका. आणि तुमची स्वतःची आजी असेल तर आधी तिला फोन करा.