वेडा सुलतान आणि त्याचे प्रेक्षक

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल दौलताबादला गेली होती. किल्ल्याच्या अंधाऱ्या वाटेतून चढताना गाईड मुहम्मद बिन तुघलकच्या लहरीपणाचे किस्से रंगवून सांगत होता आणि मुले खिदळत होती. माथ्यावर पोहोचल्यावर सातवीतल्या एका मुलीने मला हळूच विचारले, "सर, बादशाह सच्ची में पागल था?" विद्यार्थ्याचा प्रश्न टाळू नये, असे बी.एड.ला शिकलो होतो. तरी त्या दिवशी मी तो टाळलाच. हा लेख म्हणजे तिला उशिरा दिलेले उत्तर आहे, आणि ते मला एका नाटकाच्या प्रेक्षकांनी शिकवले.

ते नाटक म्हणजे गिरीश कर्नाड यांचे 'तुघलक'. १९६४ साली ते कानडीत आले, तेव्हा कर्नाड पंचविशीत होते. मुहम्मद बिन तुघलक हा तर्कशास्त्र, गणित, हिकमत, काव्य आणि सुलेखन जाणणारा सुलतान. १३२७ मध्ये त्याने देवगिरीला दौलताबाद नाव देऊन राजधानी केली, पुढे तांब्याची सांकेतिक नाणी काढली. घरोघर खोटी नाणी पडू लागली, तेव्हा तांब्याच्या बदल्यात खजिन्यातून सोने-चांदी मोजावी लागली. त्याच्या दरबारातला इतिहासकार झियाउद्दीन बरनी हे सारे लिहून गेला आणि कर्नाडांनी त्या बरनीलाच नाटकातले एक पात्र केले.

नाटक सुरू होते ते सुलतानापासून नव्हे, रयतेपासून. काझीच्या अदालतीत एका ब्राह्मणाने खुद्द सुलतानाविरुद्ध दावा जिंकला आहे आणि बाहेर गर्दी कुजबुजते आहे. म्हाताऱ्याला हे आवडलेले नाही, तरुणाला सुलतानाचा अभिमान वाटतो, तर हिंदू माणसाला एवढ्या चांगुलपणाचीच शंका येते. म्हणजे नाटकाचा पहिला प्रेक्षक रंगमंचावरच उभा आहे. मात्र दावा जिंकणारा ब्राह्मण खरा तर अझीझ नावाचा वेशांतर केलेला धोबी आहे, हे त्या गर्दीला ठाऊक नसते.

समोर बसलेल्या प्रेक्षकांनी काय पाहिले? १९६४ हे पंडित नेहरूंच्या निधनाचे वर्ष. दोनच वर्षांपूर्वी चीनशी युद्ध होऊन गेले होते. मोठी स्वप्ने आणि हाती आलेले तुटपुंजे फळ यांतली तफावत लोकांना बोचत होती. त्यांनी चौदाव्या शतकातल्या सुलतानात नेहरूयुगाचा भ्रमनिरास वाचला. यू. आर. अनंतमूर्तींनीही या नाटकातला हाच सूर नेमका पकडला. नाटक रूपककथा म्हणून लिहिले नाही, असे कर्नाड सांगत. पण काळाचे साम्य त्यांनाही जाणवले होते.

ब. व. कारंत यांच्या हिंदुस्थानी अनुवादामुळे हे नाटक दिल्लीत पोहोचले आणि १९६६ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालयात त्याचा प्रयोग झाला. १९७१ मध्ये विजय तेंडुलकरांच्या अनुवादाने ते मराठीत आले. 'आविष्कार' या संस्थेचा हा पहिला प्रयोग. अरविंद देशपांडे यांचे दिग्दर्शन आणि अरुण सरनाईक सुलतानाच्या भूमिकेत. मग सत्तरच्या दशकात पुण्यात जन्मलेल्या इब्राहिम अल्काझींनी दिल्लीच्या पुराना किल्ल्याच्या भग्न भिंतींपुढे, उघड्या आकाशाखाली हेच नाटक नव्याने उभे केले. मनोहर सिंग यांचा तुघलक तिथेच गाजला. १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि पाहणाऱ्यांची नजर पुन्हा बदलली. आता सुलतानाच्या हुकमांत लोकांना इंदिरा गांधींची राजवट दिसू लागली. २०१२ साली भानु भारतींनी फिरोजशाह कोटल्याच्या अवशेषांत त्याचा प्रयोग केला. हा कोटला मुहम्मदच्या चुलतभावाने, फिरोजशाह तुघलकाने उभारलेला.

वाचकहो, यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्या प्रेक्षागृहात बहुसंख्य हिंदूच असणार. समोर मुसलमान सुलतान, अजान, नमाज, इमाम, खलिफाच्या वंशजाचे स्वागत. तरीही त्यांना तो परका राजा वाटला नाही. त्यांनी त्याच्यात स्वतःचा पुढारी पाहिला, स्वतःची फसलेली उमेद पाहिली. आज 'तुघलकी कारभार' हा शब्द वर्तमानपत्रांत शिवीसारखा येतो, तेव्हा ती समजूतदार नजर आठवते.

आणि आपण? नमाजाच्या वेळी शस्त्रे लपवून सुलतानाला मारण्याचा कट नाटकात आहे. पुढे सुलतान नमाजावरच बंदी घालतो. तो भाग प्रथम वाचताना मीही अस्वस्थ होऊन पुस्तक मिटले होते. नंतर उमगले की लेखक नमाजला बोट लावत नाही. नमाजाआड सत्तेचे राजकारण करणाऱ्यांना तो पकडतो. हे आपण ओळखायला हवे, कारण अशी माणसे आपल्यातही आहेत.

एक गोष्ट मात्र नाटकात येत नाही. दिल्लीहून दौलताबादला आलेल्यांत सूफी होते, शायर होते. हजरत बुर्हानुद्दीन गरीब आणि अमीर हसन सिजझी खुलदाबादला चिरविश्रांती घेत आहेत. दिल्लीची बोली त्या काफिल्यांबरोबर दख्खनच्या मातीत उतरली आणि इथल्या भाषांच्या सहवासात दखनी फुलली. सुलतानाचा बेत फसला, वाटेत माणसे मेली, ते दुःख खरेच. पण त्या मुलीने ज्या बोलीत मला प्रश्न विचारला, ती बोलीही त्याच वाटेने आली होती.

बेटा, बादशाह पागल नव्हता. हुशार होता, पण हुकूम काढताना माणसांना विचारायचे विसरला. पुढच्या सहलीत मी हे किल्ल्यावरच सांगेन. मग मुलांना घेऊन खुलदाबादलाही जाईन.