बढतीनंतरचा पहिला हंगाम

२०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात छिंदवाडा जिल्ह्याच्या दक्षिणेकडील पांढुर्णा व सौंसर ह्या तहसिली वेगळ्या काढण्यात आल्या आणि पांढुर्णा हा मध्य प्रदेशातील नवा जिल्हा अस्तित्वात आला. इंग्रजी अमदानीत जे पांढुर्णा सौंसर तहसिलीतील एक गाव म्हणून सरकारी दप्तरात नोंदले जाई, तेच आता जिल्ह्याचे ठिकाण झाले. संत्र्यांचा आणि कापसाचा हा मुलूख. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. तरी घरातली भाषा मराठी राहिली आणि नागपूरच्या बाजाराची वाटही सुटली नाही. अशा मुलखाला नवा दर्जा मिळाला, की मोठ्या दवाखान्याच्या, कचेऱ्यांच्या आणि शाळा-कॉलेजांच्या आशा एकदम जाग्या व्हाव्यात, हे स्वाभाविकच आहे. तथापि दर्जा वाढल्यावर पहिल्या वर्षाकडून किती अपेक्षा करावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

ह्या प्रश्नाची कसोटी उघड्या मैदानावर, हजारो लोकांच्या देखत आणि रोखठोक आकड्यांत जेथे लागते, असे एक क्षेत्र आहे. ते म्हणजे फुटबॉलच्या साखळी सामन्यांचे. पक्ष घेऊन पाहणे म्हणजे काय, हे पांढुर्ण्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन तीरांवर पांढुर्णा आणि सावरगाव ह्यांची गोटमार होते. नदीच्या पात्रात रोवलेल्या पळसाच्या झाडावरील झेंडा कोणाकडे गेला, ह्यावरून त्याच दिवशी निकाल लागतो. त्या निकालाची किंमत कित्येकांनी रक्ताने आणि काहींनी प्राणानेही मोजली आहे. साखळी स्पर्धेत मात्र एका दिवसात निकाल लागत नाही. प्रत्येक संघाला प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी खेळावे लागते, महिनोन्महिने गुण साठवावे लागतात आणि हंगामाच्या अखेरीस वरचे संघ वरच्या श्रेणीत चढतात, तर तळाचे संघ खालच्या श्रेणीत उतरतात.

ही पद्धत इंग्लंडात जन्मली. तेथील फुटबॉल लीग १८८८ साली बारा संघांनिशी सुरू झाली. १८९२ साली तिला दुसरी श्रेणी जोडण्यात आली. प्रथम वरच्या श्रेणीतील तळाचे संघ आणि खालच्या श्रेणीतील आघाडीचे संघ ह्यांच्यात कसोटी सामने खेळवून बढती ठरवीत. १८९८ पासून गुणतक्त्यातील स्थानावरूनच बढती मिळू लागली. बढतीमागच्या आशेचा इतिहास पहिल्या काही वर्षांतच स्पष्ट झाला. लिव्हरपूलचा संघ १८९३-९४ च्या हंगामात दुसऱ्या श्रेणीत एकही सामना न हरता पहिला आला आणि कसोटी सामना जिंकून वर चढला. पुढल्याच हंगामात तो पहिल्या श्रेणीच्या अगदी तळाला राहिला आणि पुन्हा खाली आला. एका वर्षात त्या खेळाडूंचा खेळ विसरला गेला होता, असे नाही. समोरचे प्रतिस्पर्धी बदलले होते. बढतीने संघ बदलत नाही, संघाची गाठ ज्यांच्याशी पडते ते बदलतात, ही गोष्ट प्रेक्षकांच्या ध्यानात फार उशिरा येते.

ह्याच्या नेमके उलट उदाहरण आपल्या देशात घडले. कलकत्त्याची फुटबॉल लीग १८९८ साली सुरू झाली. त्यानंतर पस्तीस वर्षे तिच्या पहिल्या श्रेणीचे अजिंक्यपद गोऱ्या पलटणींच्या आणि युरोपियन क्लबांच्याच हाती राहिले. मोहन बागानने १९११ साली आय. एफ. ए. शील्ड जिंकून देशभर खळबळ उडवून दिली होती. परंतु एक स्पर्धा जिंकणे आणि सबंध हंगामभर टिकून साखळी जिंकणे ह्यांत अंतर आहे. ते अंतर मोहमेडन स्पोर्टिंगने तोडले. दुसऱ्या श्रेणीतून बढती मिळवून हा संघ १९३४ साली पहिल्या श्रेणीत उतरला आणि पहिल्याच हंगामात अजिंक्य ठरला. पुढे १९३८ पर्यंत ओळीने पाच वर्षे त्याने ते पद सोडले नाही. १९४० साली ड्युरँड करंडक जिंकणारा पहिला भारतीय संघही तोच.

हा केवळ दैवयोग नव्हता. क्लबाने देशाच्या निरनिराळ्या भागांतून खेळाडू गोळा केले होते. बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळत, त्या काळात कलकत्त्याच्या पावसाळी चिखलाचा विचार करून ह्या संघाने आपल्या खेळाडूंना बूट घालून खेळण्याची सवय लावली. म्हणजे वरच्या श्रेणीत लागणारी तयारी त्यांनी बढतीच्या आगेमागेच केली. ज्या प्रेक्षकांनी त्यांच्यावर भरवसा ठेवला, त्यांच्या भरवशाला असा आधार होता.

परंतु पहिल्या हंगामातील यश म्हणजे स्थैर्य, असेही समजून चालत नाही. इंग्लंडातील इप्सविच टाउन हा लहानशा गावचा संघ १९६१ साली प्रथमच वरच्या श्रेणीत आला आणि १९६२ साली लीगचा अजिंक्यवीर ठरला. त्याचे शिक्षक आल्फ रॅम्झे १९६३ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडे गेले. १९६४ साली इप्सविच पुन्हा दुसऱ्या श्रेणीत उतरला. रॅम्झे ह्यांनी १९६६ साली इंग्लंडला विश्वचषक मिळवून दिला. एका माणसाच्या बुद्धीवर उभा असलेला डोलारा त्याच्यामागे किती दिवस उभा राहतो, हे इप्सविचच्या प्रेक्षकांनी तीन वर्षांत पाहिले.

महाराष्ट्रातील अनुभव ह्याहून अधिक बोलका आहे. भारतात राष्ट्रीय पातळीवरची साखळी स्पर्धा १९९६ साली सुरू झाली आणि २००७ साली तिला आय-लीग हे नाव व नवे रूप मिळाले. २००९ साली चार संघांना ह्या लीगमध्ये बढती मिळाली : पुणे एफ. सी., गोव्याचा साळगावकर, शिलाँगचा लाजाँग आणि विवा केरळ. ह्यांपैकी पुण्याचा संघ अवघ्या दोन वर्षांपूर्वी स्थापन झालेला. पहिल्याच हंगामात, २००९-१० मध्ये, तो डेम्पो आणि चर्चिल ब्रदर्स ह्या गोव्याच्या मातब्बर संघांच्या खालोखाल तिसरा आला. ज्या शहरात क्रिकेटपुढे दुसऱ्या खेळाला सहसा मान मिळत नाही, तेथील शौकिनांना ह्याहून अधिक काय हवे होते? साळगावकरने तर १९९८-९९ मधील आपल्या राष्ट्रीय अजिंक्यपदाला शोभेल असे पुनरागमन केले आणि २०१०-११ मध्ये आय-लीगही जिंकली. लाजाँगच्या वाट्याला मात्र पहिल्याच हंगामात पदच्युती आली.

त्या वर्षी कोणी हिशेब मांडला असता, तर पुण्याची आशा फळाला आली आणि शिलाँगची निराशा झाली, असेच लिहिले असते. परंतु पुढे काय झाले? पुणे एफ. सी. २०१२-१३ मध्ये लीगमध्ये दुसरा आला; तरीही २०१५-१६ च्या हंगामात तो संघ आय-लीगच्या मैदानावर दिसला नाही. लाजाँग २०११ साली पुन्हा वर चढला आणि २०१९ पर्यंत टिकला. नंतर पुन्हा घसरला आणि २०२३ साली पुन्हा आय-लीगमध्ये दाखल झाला. शिलाँगच्याच रॉयल वाहिंगडोह ह्या संघाची कथा पुण्यासारखी आहे. २०१४ साली बढती, २०१४-१५ मध्ये पहिल्याच हंगामात तिसरे स्थान आणि त्यानंतर स्पर्धेतूनच माघार.

मुंबईचे उदाहरण आणखी चटका लावणारे आहे. मुंबई एफ. सी. २००८ साली बढती मिळवून आय-लीगमध्ये आला. खालिद जमील ह्यांनी २००९ पासून सात वर्षे त्याचे शिक्षकपद सांभाळले. ह्या काळात मोठे विजेतेपद मिळाले नाही, परंतु संघ खालीही घसरला नाही. २०१६ साली संघाने जमील ह्यांना निरोप दिला. ते मिझोरामच्या ऐझॉल एफ. सी.कडे गेले. ऐझॉलचा संघ २०१५ साली वर चढला होता आणि पहिल्याच हंगामात, २०१५-१६ मध्ये, गुणतक्त्याप्रमाणे पदच्युत ठरला होता. गोव्याच्या संघांनी माघार घेतल्यामुळे त्याला जागा परत मिळाली. २०१६-१७ च्या हंगामात त्याच ऐझॉलने मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून आय-लीग जिंकली. त्याच हंगामात मुंबई एफ. सी. तळाला राहून पदच्युत झाला आणि त्यानंतर त्याचा वरिष्ठ संघ राष्ट्रीय स्पर्धांत उरला नाही. जमील ह्यांची २०२५ साली भारताच्या राष्ट्रीय संघाचे शिक्षक म्हणून नेमणूक झाली. दरसाल कसेबसे टिकून राहणे हेही एक यश असते, आणि ते गमावल्याखेरीज त्याची किंमत कळत नाही, हे ह्या हकिगतीवरून दिसते.

मोहमेडन स्पोर्टिंगच्या इतिहासाने हे वर्तुळ पुरे केले आहे. २०२३-२४ ची आय-लीग जिंकून हा संघ इंडियन सुपर लीगमध्ये चढला. त्याच्या आदल्या वर्षी बढती मिळालेला पंजाब एफ. सी. पहिल्या हंगामात आठवा आला होता. मोहमेडनच्या जुन्या चाहत्यांच्या मनात साहजिकच १९३४ साल जागे झाले. प्रत्यक्षात २०२४-२५ च्या हंगामात तेरा संघांत तो तेरावा राहिला. क्लब तोच, शहर तेच. परंतु १९३४ सालच्या बढतीमागे जी तयारी होती, ती नव्वद वर्षांपूर्वीच्या पुण्याईवर मिळत नाही.

मग प्रेक्षकांनी अपेक्षा कसली धरावी? ह्याचे उत्तर कोल्हापुरात सापडते. तेथील फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, दिलबहार ही नावे पेठेपेठेतील घराघरांत ठाऊक असतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना १९४० ची. शाहू स्टेडियमवर स्थानिक सामन्याला हजारोंची गर्दी लोटते. एखाद्या तालमीचा हंगाम वाईट गेला, म्हणून ती तालीम बंद पडत नाही, कारण ती कोणा एका उद्योगसमूहाच्या ताळेबंदातील रकान्यावर उभी नसते. मुले गल्लीत चेंडू खेळतात, वडीलधारी माणसे मैदानाच्या कडेला बसून त्यांस नावे ठेवतात आणि तीच मुले पुढे तालमीचा पोशाख घालतात. पुण्याच्या व मुंबईच्या संघांजवळ पैसा होता, शिक्षक होते आणि काही काळ यशही होते. त्यांच्यामागे पेठ नव्हती.

ह्यावरून असे दिसते, की नव्याने वर आलेल्या संघाविषयी पहिल्या हंगामात विचारावयाचा प्रश्न कितवा क्रमांक येईल हा नव्हे. दहा वर्षांनी हा संघ येथे खेळत असेल काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर गुणतक्त्यात सापडत नाही. नवे खेळाडू कोठून तयार होतात, संघाचा खर्च कोण सोसतो आणि पराभवानंतरच्या सामन्याला किती माणसे येतात, ह्यांत ते सापडते. चाहत्यांची अपेक्षा मोठी असावी, ह्यात दोष नाही. मोठ्या अपेक्षेखेरीज १९३४ घडले नसते. परंतु जो प्रेक्षक पहिल्या पराभवालाच पाठ फिरवितो, त्याने अपेक्षा केली असे म्हणता येत नाही. त्याने केवळ पैज लावलेली असते.

पांढुर्णा आणि सौंसर ह्यांना मिळालेली बढतीही ह्याच मापाने मोजावी लागेल. नव्या जिल्ह्याची तुलना आता जुन्या, भरल्यापुरल्या जिल्ह्यांशी होणार. पाटी बदलल्याने दवाखान्यात डॉक्टर येत नाहीत किंवा संत्र्याला भाव मिळत नाही. पहिल्या एकदोन वर्षांत पुष्कळ गोष्टी अर्धवट दिसतील आणि छिंदवाड्याची जुनी सवय मोडताना गैरसोयही होईल. ज्या सौंसरच्या दप्तरात एके काळी पांढुर्ण्याची नोंद होई, तेथील माणसालाही हा जिल्हा आपलाच वाटला पाहिजे. कारण एकाच संघाचे प्रेक्षक दोन बाजूंना बसून एकमेकांची हुर्यो करू लागले, तर तो संघ फार काळ वर टिकत नाही. दरसालच्या कामाचा हिशेब दोन्ही गावांनी मिळून, न चिडता आणि न कंटाळता मागत राहणे, ही कोणत्याही बढतीनंतरची खरी पाठराखण होय.