दंडापासून सहभागापर्यंत : शालेय शिक्षणातील पालकांच्या जबाबदारीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना
इयत्ता सहावी ते आठवीच्या मुलांच्या अध्ययनात पालकांचा वाटा किती, हा प्रश्न बहुधा मानसशास्त्राच्या अंगाने चर्चिला जातो. तथापि या प्रश्नास कायद्याचा शतकाहून दीर्घ इतिहास आहे. प्रस्तुत लेखात पालकाच्या बदलत्या कायदेशीर स्थानाचा आढावा घेतला आहे.

सक्ती आणि दंड
महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. सयाजीराव गायकवाड यांनी बडोदे संस्थानात १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभिला व १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांचे १९११ चे विधेयक मात्र पुढील वर्षी फेटाळले गेले. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. मुलाच्या श्रमावर घर चालत असल्याने हा दंड आवश्यक वाटला. या व्यवस्थेत पालकाचे कर्तव्य शाळेच्या दारापर्यंतच होते. शिवाय गोखल्यांच्या विधेयकाची मर्यादा सहा ते दहा वर्षे असल्याने माध्यमिकपूर्व वयोगट त्याच्या कक्षेबाहेर राहिला.

कर्तव्य आणि सहभाग
संविधानाच्या मूळ अनुच्छेद ४५ ने चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची जबाबदारी राज्यावर ठेवली. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने पाल्यास शिक्षणाची संधी देणे हे पालकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पालकास दंडाची तरतूद नाही. उलट विनाअनुदानित शाळा वगळता शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे बंधन आहे. आरोपीच्या जागी भागीदार आला, हे स्थित्यंतर महत्त्वाचे होय.

निष्कर्ष
परंतु समितीतील जागा म्हणजे अध्ययनातील सहभाग नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे हंगामात महिनोन्‌महिने स्थलांतरित असतात. गावातील बैठकीस त्यांनी उपस्थित राहावे कसे? शिवाय बीजगणित वा इंग्रजी शिकविणे अनेक पालकांच्या शालेय शिक्षणापलीकडचे असते. त्यांच्याकडून शिकवणीची अपेक्षा करणे म्हणजे जुना दंड नव्या रूपात आकारणे होय. पाल्याची नियमित उपस्थिती, अभ्यासास मोकळा वेळ आणि शाळेविषयी घरात संवाद एवढे पालकांनी सांभाळावे. बैठकीची सोयीची वेळ आणि मुलाच्या प्रगतीची सुबोध माहिती शाळेने द्यावी. जबाबदारीची अशी वाटणी झाल्यासच कायद्यातील भागीदारीस अर्थ प्राप्त होईल.