होळकर संस्थान आणि ब्रिटिश हिंदुस्थान : माळव्याच्या अफूचा व्यापार

इंदूर म्हटले की आपल्याला राजवाडा, सराफा आणि कापडाच्या गिरण्या आठवतात. परंतु गिरण्यांच्या पूर्वी आणि काही काळ त्यांच्या बरोबरीनेही या शहरात पैसा खेळत ठेवला तो अफूने. एकोणिसाव्या शतकात होळकर संस्थान आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातील व्यापाराचा हा कणा होता. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज होळकरांच्या दफ्तरात, खासगीत किंवा पेढ्यांवर नोकरीस होते, म्हणून हा इतिहास आपल्या घरचाही आहे. तो सोयीचा नाही, तरी माहीत असावा.

पार्श्वभूमी

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला. सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख गेला, राजपूत संस्थानांकडून येणारी खंडणी गेली आणि बाहेरच्या सत्तांशी स्वतंत्र व्यवहार करण्याचा अधिकारही गेला. दुसरे मल्हारराव त्या वेळी लहान होते. कारभार तात्या जोग (विठ्ठल महादेव किबे) यांच्याकडे आला. राजधानी इंदूरला आली आणि इंग्रजांची रेसिडेन्सीही येथेच बसली. किबे कंपाउंड हे नाव आजही त्या घराण्याची आठवण देते.

दोन बाजूंचे आकारमान पाहण्यासारखे आहे. १९०१ च्या शिरगणतीत होळकर संस्थानाची लोकसंख्या साधारण साडेआठ लाख होती, तर ब्रिटिश प्रांतांची तेवीस कोटींच्या वर. शिवाय संस्थानाला समुद्रकिनारा नव्हता. माल कोठेही पाठवायचा तर दुसऱ्याच्या मुलखातूनच जावे लागे.

माल कसा तयार होई

माळव्याच्या काळ्या, विहिरीच्या पाण्यावरील जमिनीत पावसाळ्यानंतर खसखस पेरत. माघ-फाल्गुनात बोंडांना संध्याकाळी चिरा देत आणि सकाळी वर आलेला चीक खरवडून घेत. तो वाळू नये म्हणून जवसाच्या तेलात ठेवला जाई. व्यापारी तो विकत घेऊन पावसाळ्याच्या सुमारास त्याचे गोळे वळवत आणि पेट्या भरत. एका पेटीत सुमारे १४० पौंड, म्हणजे साधारण ६३ किलो अफू असे. बहुतेक माल मुंबईमार्गे चीनला जाई. बंगाल-बिहारात अफू ही कंपनीची मक्तेदारी होती, माळव्यात मात्र ती शेतकरी, सावकार आणि व्यापारी यांच्या हातात होती. कंपनीला नेमके हेच खुपत होते.

बंदी फसली, पास आला

१८१९ पासून कंपनीने माळव्याची अफू स्वतः खरेदी करून पाहिली. पुढे १८२६ च्या सुमारास होळकरांसह अनेक संस्थानांशी करार करून लागवड व निर्यात आवळण्याचा प्रयत्न केला. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी असा करार केला नाही. व्यापाऱ्यांनी मारवाड, पाली, जैसलमेरमार्गे कराचीची वाट धरली. तेथून माल गलबतांनी पोर्तुगीजांच्या दमणला आणि पुढे मकावला जाई. वाट लांब होती, पण कंपनीच्या हद्दीबाहेरची होती.

अखेर १८३० मध्ये कंपनीने करार सोडून दिले आणि पास देण्याची पद्धत आणली. व्यापाऱ्याने इंदूरच्या काट्यावर पेट्या तोलून घ्याव्या, ठरलेले शुल्क भरावे, पास घ्यावा आणि माल मुंबईला न्यावा. पेटीमागे हे शुल्क असे बदलत गेले :

१८३० : १७५ रुपये
१८३५ : १२५ रुपये
१८४३ : २०० रुपये
१८४७ : ४०० रुपये
१८६१ : ७०० रुपये

या आकड्यांतच दोन बाजूंच्या बळाचा हिशेब आहे. दमणची वाट खुली होती तोवर कंपनीला दर उतरवावा लागला. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकले, कराची त्यांच्या हाती गेली आणि दुसरी वाट बंद झाली. त्यानंतर चार वर्षांत शुल्क दुप्पट झाले. लहान पक्षाकडे दुसरे गिऱ्हाईक किंवा दुसरा रस्ता असेल तरच त्याच्या शब्दाला वजन असते, हे येथे स्पष्ट दिसते.

संस्थानाच्या पदरात काय पडले

जमीनमहसूल, स्वतःची जकात आणि सराफ्यातील हुंड्यांचा व्यवहार यांतून इंदूरला पैसा मिळत राहिला. दुसऱ्या तुकोजीरावांनी त्या काळात दोन दूरदृष्टीची कामे केली. १८७० च्या सुमारास त्यांनी संस्थानाची कापड गिरणी उभी केली. खंडवा-इंदूर रेल्वेसाठी त्यांनी इंग्रज सरकारला साडेचार टक्के व्याजाने एक कोटी रुपये कर्ज दिले. लहान संस्थानाने साम्राज्याला कर्ज द्यावे, ही गोष्ट विरळाच. १८७४ ते १८७८ या काळात ही 'होळकर स्टेट रेल्वे' टप्प्याटप्प्याने सुरू झाली. मात्र जवळीक वाढली तशी स्वतंत्र चलनाची जागा आक्रसली. १९०२ मध्ये होळकरांचा हाली रुपया जाऊन ब्रिटिश रुपया आला.

या सुबत्तेची किंमत चीनमधील असंख्य व्यसनग्रस्त कुटुंबांनी मोजली. इकडे शेतकऱ्याला बी-बियाण्यासाठी सावकाराची उचल घ्यावी लागे, त्यामुळे नफ्याचा मोठा भाग त्याच्यापर्यंत पोहोचत नसे. हे दोन्ही सांगितल्याशिवाय इंदूरच्या वैभवाची कथा पुरी होत नाही.

शेवट आणि नवी सुरुवात

१९०७ मध्ये ब्रिटन आणि चीन यांच्यात अफूची निर्यात दरवर्षी कमी करत नेण्याचा करार झाला. त्यात माळव्याचे मत कोणी विचारले नाही. १९१३ मध्ये चीनकडे जाणारा माल थांबला. त्या वेळी इंदूर बुडाले नाही, कारण भांडवल कापसाकडे वळू लागले होते. १९०९ मध्ये मालवा युनायटेड मिल आणि १९१५ मध्ये हुकुमचंद मिल सुरू झाली. अफू आणि कापसाच्या बाजारात नाव कमावलेले सर सेठ हुकुमचंद या बदलातील ठळक व्यक्ती.

पुढे गिरण्यांचेही दिवस गेले. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न डिसेंबर २०२३ मध्ये सुटला. तब्बल बत्तीस वर्षांनी. खसखस मात्र मंदसौर-नीमच भागात आजही फुलते, पण केंद्र सरकारच्या परवान्याने. नीमचच्या सरकारी कारखान्यात त्या अफूपासून औषधांसाठी लागणारे घटक काढले जातात. फेब्रुवारीत त्या बाजूला जाणे झाले, तर रस्त्याकडेची पांढरी फुले जरूर पाहावीत आणि मुलांना त्यांची ही गोष्ट सांगावी.