वाऱ्याच्या आकड्याचं कूळ

सिंहगडाकडे जाताना गडाच्या आधी नजरेत भरतो तो त्याच्या माथ्यावरचा दूरदर्शनचा मनोरा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, आणि त्या दशकात देशभर असे मनोरे उभे राहू लागले. आता ते पन्नाशीत आलेत. आजच्या मानकांत असा मनोरा बसतो का, हे तपासायला गेलेला अभियंता अँगलची जाडी मोजतो, गंज खरवडतो, बोल्ट चाचपतो, मागाहून चढवलेल्या डिश मोजतो. पण पुढचं सगळं गणित एकाच प्रश्नापाशी अडतं: वारा किती धरायचा?

या आकड्याचं कूळ शोधत गेलं की आपण स्कॉटलंडात पोचतो. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री टे नदीवरचा रेल्वेपूल आगगाडीसकट कोसळला. गाडीतलं कुणीही वाचलं नाही. पूल बांधणाऱ्या टॉमस बाउच यांनी वाऱ्याचा वेगळा हिशेबच धरला नव्हता. फोर्थच्या खाडीवरच्या त्यांच्या दुसऱ्या, नियोजित पुलासाठी राजखगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी दर चौरस फुटाला १० पौंड दाब पुरे, असं कळवलं होतं. अपघातानंतर रेल्वेपुलांसाठी तोच आकडा ५६ पौंडांवर गेला. यात मोजमापापेक्षा धास्तीचा वाटा मोठा होता, असं मला वाटतं. कारण वारा धड मोजायचं साधनच तेव्हा हाताशी नव्हतं. वाऱ्यानं फिरणाऱ्या वाट्यांचं एक यंत्र होतं; वाट्यांच्या वेगाच्या तिप्पट तो वाऱ्याचा वेग, असं सरसकट मानत, आणि हे प्रमाणच चुकीचं होतं.

पुढे फोर्थचा नवा पूल बांधताना बेंजामिन बेकर यांनी खाडीतल्या बेटावर एक ३०० चौरस फुटांची फळी आणि दोन अगदी लहान फळ्या वाऱ्यात उभ्या केल्या. मोठ्या फळीवर दर फुटाला पडणारा दाब लहान फळीपेक्षा कमी भरला. झोत एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर एकदम आदळत नाही, हे त्यातून कळलं. विल्यम डाइन्स यांनाही वाऱ्याच्या मोजणीकडे वळवलं ते टेच्या दुर्घटनेनंच. त्यांच्या यंत्रात नळीचं तोंड वाऱ्याकडे वळतं, आत शिरलेल्या दाबानं तरंगता फुगा वर उचलला जातो आणि त्याला जोडलेला टाक कागदावर प्रत्येक झोत रेखत जातो.

हे डाइन्सचं यंत्र आपल्या गोष्टीत पुन्हा येतं. भारताच्या १९६४ च्या मानकात, म्हणजे आयएस ८७५ मध्ये, वाऱ्याच्या दाबाचे दोन नकाशे होते. एकात थोडा वेळ टिकणारे झोत धरलेले, दुसऱ्यात वगळलेले. सत्तरच्या दशकातला मनोरा तपासताना पहिला प्रश्न हाच विचारावा: यातला कोणता नकाशा वापरला होता? १९८७ मध्ये हे दोन्ही नकाशे गेले. डाइन्सच्या नळ्या बसवलेल्या ४३ केंद्रांच्या नोंदींवरून तीन सेकंदांच्या झोताचा एकच नकाशा आला. मुंबईला सेकंदाला ४४ मीटर, पुण्याला ३९. शिवाय उंचीचा, भोवतालच्या जमिनीचा, डोंगराचा गुणक वेगळा. डोंगराचा गुणक १.३६ पर्यंत जातो आणि दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे माथ्यावरचा दाब सपाटीच्या १.८५ पट होऊ शकतो. मनोरे तर माथ्यावरच बांधतात.

‘पन्नास वर्षं उभा आहे की, काय होणार?’ हे वाक्य तपासणीत हमखास ऐकू येतं. त्याचं उत्तर त्याच नकाशात आहे. त्यातला वेग पन्नास वर्षांच्या पुनरावृत्तीचा आहे. पन्नास वर्षांत तो एकदा तरी ओलांडला जाण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के. उरलेल्या ३७ टक्क्यांत तो वारा आलेलाच नसतो. उभा राहिलेला मनोरा मजबूत आहे की अजून त्याची परीक्षाच झाली नाही, हे नुसत्या वयावरून ठरत नाही.

आणि वेगाच्या आकड्यातही सगळं मावत नाही. इंग्लंडातला एम्ली मूरचा ३८५ मीटर उंच, नळकांड्यासारखा मनोरा १९ मार्च १९६९ रोजी पडला. त्या दिवशी वादळ नव्हतं. मनोऱ्यावर आणि त्याला ताणून धरणाऱ्या तारांवर बर्फ चढलं होतं आणि बेताच्या, एकसारख्या वाऱ्यानं तो डोलू लागला होता.

२०१५ च्या मानकानं चक्रीवादळांचा गुणक आणला. किनाऱ्यालगतच्या ६० किलोमीटरच्या पट्ट्यात दळणवळणाच्या मनोऱ्यांसाठी तो १.३० आहे. वादळानंतर मदत मागायची ती याच मनोऱ्यांवरून, म्हणून. मात्र हा पट्टा पूर्व किनाऱ्यावर आणि गुजरातेत. कोकण त्यात नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा जे झोत होते ते नकाशातल्या मुंबईच्या आकड्याहून कमीच. तरी त्या टापूतले फोन कित्येक दिवस मुके होते. मानक मागत नसलं तरी कोकणातला जुना मनोरा तपासताना वेग १.३० नं गुणून एकदा बघावं, आणि उत्तर काय आलं ते अहवालात लिहावं.