कोड, कोढ़ आणि ऊन

इंदूरच्या आमच्या राजेंद्रनगरात मराठी घराला हिंदी शेजार असतो. मराठीत ‘कोड’ म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. हिंदीत ‘कोढ़’ म्हणजे कुष्ठरोग. ऐकण्यातल्या एवढ्याशा घोटाळ्याने जुळत आलेली सोयरीक मोडू शकते. वास्तविक कोड संसर्गजन्य नाही, आणि कुष्ठही आता औषधाने बरे होते.

कोडावर बावची आणि ऊन ही जोडी आपल्या वैद्यांनी फार पूर्वीच जुळवली. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारांसाठी डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल मिळाले. बावचीतल्या सोरालेनच्या कुळातले औषध आणि अतिनील किरण अमेरिकेत १९७४ साली सोरायसिसवर एकत्र आले. आज कोडावर ३११ नॅनोमीटरचे किरण त्या औषधावाचून देतात. रंग पुष्कळदा परततो. शब्दाला लागलेला डाग मात्र दोन्ही भाषांतून आपणच पुसायचा आहे.